म्हाताऱ्या उंदराची किडनी: वयाचा भाग किती, आजाराचा किती

प्रश्न असा आहे: 3, 12 आणि 24 महिन्यांच्या नर स्प्रेग-डॉली (प्रयोगशाळेतल्या उंदरांचा एक स्ट्रेन, म्हणजे वाण) उंदरांची तुलना करून प्रबंधात ‘वयानुसार किडनीत होणारे बदल’ मांडायचे आहेत. रचनेत आणि कामात नेमके काय बदलते, काय मोजावे, आणि कोणते आकडे फसवतात? (उंदीर म्हणजे इथे सगळीकडे रॅट. माऊसची किडनी वेगळी वागते, तिचे निष्कर्ष इकडे लावू नयेत.)

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. 24 महिन्यांच्या नर उंदराच्या किडनीत दोन प्रक्रिया एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक म्हणजे निखळ वार्धक्य. दुसरी म्हणजे क्रॉनिक प्रोग्रेसिव्ह नेफ्रोपॅथी, सगळे जिला सीपीएन म्हणतात ती: कोणतेही औषध किंवा विष न देता आपोआप सुरू होणारा आणि वयाबरोबर वाढत जाणारा किडनीचा आजार. स्प्रेग-डॉली आणि फिशर-344 या दोन्ही स्ट्रेनमध्ये तो इतका सर्रास आढळतो की पोटभर खाणारा दोन वर्षांचा नर त्यातून सहसा सुटत नाही. विस्टारमध्ये तो तुलनेने सौम्य असतो, ब्राऊन नॉर्वेमध्ये आणखी कमी. म्हणजे तुमच्या 24 महिन्यांच्या गटात जे दिसेल त्यातले बरेचसे ‘वय’ नसून ‘वय अधिक सीपीएन’ असेल. हे वेगळे काढण्याची सोय प्रयोगाच्या आखणीतच करावी लागते. ऊती कापून झाल्यावर ती करता येत नाही.

तरुण किडनीचा आराखडा डोळ्यांसमोर ठेवू. उंदराच्या किडनीत एकच पॅपिला (जिथून लघवी बाहेर पडते ते आतले टोक) असते, माणसासारखे अनेक पिरॅमिड नसतात. प्रत्येक किडनीत साधारण 30,000 नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून लघवी बनवणारी सूक्ष्म एकके, असतात. स्ट्रेननुसार हा आकडा थोडा खालीवर होतो. माणसात नेफ्रॉन बनण्याचे काम जन्माआधीच संपते. उंदरात ते जन्मानंतरही आठवडा-दहा दिवस चालू राहते आणि मग कायमचे थांबते. पुढे किडनी वाढते ती असलेले नेफ्रॉन मोठे होऊन. आईला गरोदरपणी प्रथिने कमी पडली तर पिल्ले कमी नेफ्रॉन घेऊन जन्माला येतात, आणि त्याचा परिणाम दीड-दोन वर्षांनी दिसतो. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगळ्या आहारावर वाढलेले तरुण आणि म्हातारे उंदीर एका तक्त्यात बसवू नका.

‘तरुण’ गटाबद्दलही एक सावधगिरी हवी. 6 ते 8 आठवड्यांचा उंदीर नुकता वयात येत असतो, त्याची किडनी अजून वाढत असते. त्याच्याशी तुलना केली तर वाढ थांबल्याने झालेला फरकही म्हातारपणाच्या खात्यात जातो. 3 महिने ही खालची मर्यादा समजा, 4 ते 6 महिने अधिक चांगले.

आता रचना. वय वाढते तसे ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारे केशिकांचे गुच्छ, मोठे होतात. मधला मेसँजियमचा, म्हणजे केशिकांना आधार देणारा, भाग रुंदावतो. गाळणीची बेसमेंट मेंब्रेन, म्हणजे पेशींखालचा पातळ पडदा, जाड होत जाते. दोन वर्षांत ती तरुणपणीच्या दुप्पट-तिप्पट होते. खरी गोम पोडोसाइट पेशींची आहे. या पेशी गाळणीला बाहेरून पायांसारख्या फाट्यांनी आवळून धरतात, आणि प्रौढ उंदरात त्या व्यवहारतः विभागत नाहीत. गुच्छ मोठा झाला की तेवढ्याच पोडोसाइटना जास्त पृष्ठभाग झाकावा लागतो. काही काळ त्या स्वतः फुगून निभावून नेतात. मग एक वेळ अशी येते की पेशी ताणून ताणून सुटते, तिथली मेंब्रेन उघडी पडते, गुच्छ भोवतीच्या बोमनच्या आवरणाला जाऊन चिकटतो आणि त्या जागी स्क्लेरोसिसचा, म्हणजे कडक झालेल्या ऊतीचा, डाग तयार होतो. फिशर-344 मध्ये हा क्रम पायरी-पायरीने दाखवला गेला आहे, आणि कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलेल्या उंदरांत तो बऱ्याच अंशी थांबतो हेही. मेड्युलाला, म्हणजे किडनीच्या आतल्या थराला, लागून असलेले खोल ग्लोमेरुलस आधी बिघडतात, वरच्या थरातले नंतर. फक्त पृष्ठभागाजवळचा तुकडा घेतला तर किडनी प्रत्यक्षात आहे त्याहून तरुण दिसेल.

नलिकांभोवतीच्या जागेत कोलॅजेन साठते, सूक्ष्म केशिका विरळ होतात. म्हाताऱ्या स्प्रेग-डॉली उंदरांत केशिकांची ही घट, व्हीईजीएफ (केशिका वाढवणारे प्रथिन) कमी होणे आणि थ्रोम्बोस्पॉन्डिन-1 (त्यांची वाढ रोखणारे प्रथिन) वाढणे हे सारे एकत्र आढळते. जिथे केशिका गेल्या तिथेच नलिका सुकलेल्या आणि फायब्रोसिस (कोलॅजेनची साठवण) दाट असा मेळ बसतो. प्रॉक्झिमल, म्हणजे ग्लोमेरुलसनंतरच्या पहिल्या, नलिकांच्या पेशींत लिपोफ्युसिन हे पिवळट-तपकिरी रंगद्रव्य जमते. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थरात, पेशींच्या वार्धक्याची खूण असलेले पी-16 हे प्रथिन वाढते.

सीपीएनची स्लाइड मात्र वेगळी ओळखू येते, आणि ती ओळखता येणे हेच या कामातले निम्मे कौशल्य. पीएएस रंग दिलेला 2 ते 3 मायक्रॉनचा छेद कमी मोठेपणावर धरा. निरोगी कॉर्टेक्सच्या गुलाबी पसाऱ्यात मधेच दोन-चार नलिकांचा एखादा निळसर पुंजका दिसतो: पेशी लहान, केंद्रके दाटीवाटीने, आणि नलिकेभोवती जाड किरमिजी कडे. निळसरपणा येतो तो पेशी मरून नव्या होत असल्यामुळे, कडे म्हणजे जाड झालेली बेसमेंट मेंब्रेन. ही आजाराची पहिली खूण आहे आणि नरांत ती दोन-तीन महिन्यांच्या वयातही सापडते. म्हणून ‘आमचे 3 महिन्यांचे उंदीर पूर्ण निरोगी होते’ असे स्लाइड न बघता लिहू नये. पुढे हे पुंजके वाढत एकमेकांना मिळतात, आसपास लिम्फोसाइट जमतात, नलिकांत प्रथिनांचे गुळगुळीत गुलाबी कास्ट, म्हणजे नलिकेच्या आकाराचे गोळे, भरतात. शेवटच्या टप्प्यात फुगलेल्या, कास्टने भरलेल्या नलिकांच्या रांगाच्या रांगा दिसतात आणि तो भाग थेट थायरॉइडच्या छेदासारखा वाटतो. नुसत्या डोळ्यांना अशी किडनी फिकट, मोठी, वरून खडबडीत आणि बारीक पाणी भरलेल्या पुटकुळ्यांची दिसते.

‘मोठी’ या शब्दावर थांबायला हवे. माणसाची म्हातारी किडनी आक्रसते, म्हणून अनेकजण उंदरातही वजन घटण्याची अपेक्षा धरतात. सीपीएन असलेल्या नराची किडनी उलट जड होते. वजन वाढले म्हणजे किडनी शाबूत आहे असा अर्थ काढू नका. आणि हा आजार माणसाच्या एखाद्या आजाराचे हुबेहूब रूप आहे असेही मानू नका. विषशास्त्रात काम करणारे बहुतेक पॅथॉलॉजिस्ट त्याला उंदराचीच खासियत मानतात. कित्येक रसायने सीपीएन वाढवतात, तेव्हा ‘औषधामुळे किडनी बिघडली’ आणि ‘आधीचाच आजार औषधामुळे लवकर पुढे सरकला’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

कामाकडे वळू. पहिला प्रश्न गाळण्याच्या वेगाचा, म्हणजे जीएफआरचा. तरुण उंदरात तो दर 100 ग्रॅम वजनामागे मिनिटाला साधारण 0.8 ते 1.2 मिलिलिटर असतो. सीपीएनला दाद न देणाऱ्या स्ट्रेनमध्ये, उदाहरणार्थ डब्ल्यूएजी/आरआयजे मादीत, बरेच वय होईपर्यंत त्यात फारशी घट आढळत नाही. स्प्रेग-डॉली नरात घट दिसते, पण ती किती हे तुम्ही कशाने भागता यावर ठरते. उदाहरणापुरते आकडे घेऊ. 300 ग्रॅमच्या तरुण उंदराचा जीएफआर मिनिटाला 3 मिलिलिटर, दोन्ही किडन्यांचे वजन 2.4 ग्रॅम. 700 ग्रॅमच्या म्हाताऱ्याचा जीएफआर 4.2 मिलिलिटर, किडन्या 4.4 ग्रॅम. शरीराच्या वजनाने भागले तर 1.0 वरून 0.6, म्हणजे 40 टक्के घट. किडनीच्या वजनाने भागले तर 1.25 वरून सुमारे 0.95, म्हणजे जवळपास पाव घट. आणि न भागता पाहिले तर 40 टक्के वाढ! उंदीर तेच, मापन तेच. म्हाताऱ्या नराच्या 700 ग्रॅममध्ये चरबी भरपूर असते, आणि चरबी गाळायची नसते. तिन्ही पद्धतींचे आकडे द्या, आणि निष्कर्ष एकाच भागाकारावर उभा असेल तर तसे स्पष्ट लिहा.

रक्तातल्या क्रिएटिनिनवर (स्नायूंत तयार होणारा आणि किडनी बाहेर टाकते तो पदार्थ) भिस्त ठेवणे ही सर्वांत नेहमीची चूक. उंदराचे क्रिएटिनिन मुळात डेसिलिटरला 0.2 ते 0.6 मिलिग्रॅम इतके कमी असते. जॅफे पद्धत क्रिएटिनिनशिवायचे पदार्थही मोजते, त्यामुळे एवढ्या खालच्या पातळीवर तिचा आकडा भरवशाचा राहत नाही; एन्झाइमची पद्धत वापरा. शिवाय म्हाताऱ्याचे स्नायू घटलेले असतात, क्रिएटिनिन तयारच कमी होते, आणि किडनी बिघडली तरी आकडा ‘नॉर्मल’ राहतो. स्लाइडवर आजार बराच पुढे गेलेला आणि रक्ताचा अहवाल स्वच्छ, हे दृश्य नेहमीचे आहे. रक्तातली युरिया आहारातल्या प्रथिनांनुसार हलते. जीएफआर हाच मुख्य मुद्दा असेल तर इन्युलिन किंवा आयोहेक्सॉलचा क्लिअरन्स (टोचलेला पदार्थ किडनी रक्तातून किती वेगाने काढते ते) काढा. पाठीचे केस काढून त्वचेवर सेन्सर चिकटवून टोचलेले एफआयटीसी-सिनिस्ट्रिन हे चमकणारे द्रव्य शरीरातून उतरण्याचा वेग मोजण्याची पद्धतही चांगली. तिच्यात प्राणी जागा राहतो आणि तोच प्राणी महिन्या-महिन्याने पुन्हा मोजता येतो. निरोगी तरुणात अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास येते. मात्र अर्धायुष्यावरून जीएफआर काढायचा गुणक पेशीबाहेरच्या पाण्याच्या अंदाजावर बसवलेला आहे, आणि लठ्ठ उंदरात तो अंदाज चुकतो. म्हणून मूळ अर्धायुष्यही नोंदवा.

लघवीतली प्रथिने हा जिवंत उंदरात सीपीएनचा सगळ्यांत लवकरचा आणि सगळ्यांत उपयोगी माग आहे, पण नरांत त्यात एक फसगत दडलेली असते. वयात आलेल्या नराचे यकृत पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाखाली अल्फा-2-यू-ग्लोब्युलिन नावाचे छोटे प्रथिन बनवते. ते सहज गाळले जाते आणि लघवीत उतरते. म्हणून तरुण, ठणठणीत नराच्या लघवीतही दिवसाला 10-20 मिलिग्रॅम प्रथिने मिळतात आणि चाचणीची पट्टी रंग दाखवते. वय वाढते तसे यकृत हे प्रथिन बनवणे कमी करते. त्याच सुमाराला गाळणी सैल होऊन अल्ब्युमिन गळू लागते. एक खाली, एक वर. मध्यम वयात एकूण प्रथिने जवळपास तेवढीच दिसू शकतात आणि आजार नजरेतून सुटतो. 12 महिन्यांचा तुमचा गट नेमका या खाचेत बसतो.

यावर उपाय साधा आहे. लघवीचे थेंब एसडीएस जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणारे जेल) चालवा. तरुण नराच्या रांगेत 18-20 किलोडाल्टनला ठसठशीत पट्टा असतो आणि 66 ला जेमतेम सावली. म्हाताऱ्याच्या रांगेत खालचा पट्टा विरलेला आणि वरचा अल्ब्युमिनचा पट्टा जाड, बटबटीत. एका जेलवर दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. मग आकड्यासाठी उंदराच्या अल्ब्युमिनचाच एलायझा (अँटिबॉडीने प्रथिन मोजण्याची चाचणी) करा. माणसासाठी बनवलेले किट उंदराचे अल्ब्युमिन नीट ओळखेलच असे नाही. तरुणाला दिवसाला 1 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा कमी, तर सीपीएन पुढे गेलेल्याला शंभराच्या वर, एवढा फरक असल्यामुळे दोघांचे विरलीकरण एकच ठेवू नका. अल्ब्युमिन फार झाले की एलायझाचा संकेत उलटा घसरतो आणि सर्वांत आजारी उंदीर सर्वांत निरोगी वाटतो. प्रत्येक म्हातारा नमुना निदान दोन विरलीकरणांवर चालवा; गुणाकार जुळला तरच आकडा घ्या.

आता बदलाचा तो भाग, जो खरोखर वयाचाच आहे असे खात्रीने म्हणता येते: लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होणे. तहानलेला तरुण उंदीर लघवीची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) 2,500 ते 3,000 मिलिऑस्मोलपर्यंत नेऊ शकतो, माणसाच्या दुपटीहून जास्त. वय झाले की उंदीर जास्त पाणी पितो, जास्त आणि पातळ लघवी करतो. पिंजऱ्यातला भुसा लवकर ओला होऊ लागला, हे त्याचे रोजचे रूप. हे सीपीएनमुळेच होते असे वाटेल. पण 30 महिन्यांच्या डब्ल्यूएजी/आरआयजे माद्यांत, जिथे ग्लोमेरुलस जवळपास शाबूत असतात, तिथेही हाच बदल सापडतो. त्यांच्या रक्तात व्हॅसोप्रेसिन, म्हणजे पाणी राखण्याचा हुकूम देणारे संप्रेरक, कमी नसते. कमी असतात ती कलेक्टिंग डक्टमधली (लघवी गोळा करणाऱ्या शेवटच्या नलिका) अॅक्वापोरिन-2 आणि अॅक्वापोरिन-3 ही पाण्याची दारे; अॅक्वापोरिन-1 आणि 4 मात्र जवळपास तशीच राहतात. युरिया मेड्युलात परत आणणारे यूटी-ए1 हे वाहकही घटते, म्हणून मेड्युलातली युरियाची साठवण उतरते आणि पाणी ओढून घेणारी ओढच कमी पडते. हुकूम येतो आहे, तो पाळणारी यंत्रणा कमकुवत झाली आहे. तुमच्या प्रबंधात ‘वय’ या शब्दाला पात्र ठरणारी एक गोष्ट निवडायची झाली तर ही निवडा.

ती मोजताना पाणी तोडण्याची चाचणी तरुणावर 24 तास चालते. म्हाताऱ्यावर ती तशीच चालवू नका. त्याला पाणी राखता येत नाही, म्हणूनच तर चाचणी करतो आहोत. तो लवकर कोरडा पडतो. 12-16 तासांवर थांबा, दर चार तासांनी वजन घ्या, आणि वजन 10 टक्क्यांनी उतरण्याच्या बेताला आले की वेळ न बघता पाणी द्या. चाचणीत मिळणारा आकडा तेवढ्याने खराब होत नाही, तरुण गटालाही 24 तासांऐवजी तेवढाच वेळ दिला की झाले.

बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात. मीठ तोडल्यावर सोडियम राखायला म्हातारा उंदीर जास्त वेळ घेतो, आणि जास्त मीठ दिल्यावर ते बाहेर टाकायलाही. फॉस्फेट परत शोषणारे एनएपीआय-2ए हे वाहक कमी होते. पॅराथायरॉइड संप्रेरकाला उत्तर म्हणून ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप बनवण्याची क्षमता उतरते. रक्तातली रेनिनची (रक्तदाब सांभाळण्यात भाग घेणारे किडनीचे एन्झाइम) पातळी कमी असते. आणि राखीव बळ घटलेले असते: तीच जेंटामायसिनची (किडनीला इजा करू शकणारे प्रतिजैविक) मात्रा किंवा तेवढीच मिनिटे रक्तवाहिनी बंद ठेवणे, याने म्हातारी किडनी तरुणापेक्षा जास्त बिघडते. म्हाताऱ्या उंदरांवर शस्त्रक्रिया किंवा औषधाचा प्रयोग असेल तर तरुणांवर बेतलेली मात्रा आणि वेळ जशीच्या तशी लावू नका.

हे सारे का होते, यावर सर्वांना ठाऊक असलेले उत्तर 1982 मध्ये ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी मांडले: भरपूर प्रथिनांचा आहार ग्लोमेरुलसमधला दाब आणि गाळण वाढवतो आणि त्या ताणाने ग्लोमेरुलस झिजतात. कल्पना देखणी आहे आणि किडनीचा मोठा भाग काढलेल्या उंदरांत ती चांगली लागू पडते. पण नुसत्या वाढत्या वयाच्या उंदरात ती पुरी पडत नाही. 1994 मध्ये बेलिस यांनी म्युनिक-विस्टार उंदरांवर दाखवले की ग्लोमेरुलसमधला दाब वाढलेला नसतानाही इजा होते, आणि इजेशी सर्वांत घट्ट बांधलेली गोष्ट म्हणजे नर असणे. वृषण काढलेले नर वाचले. अंडाशय काढल्याने माद्यांचे फारसे बिघडले नाही. म्हणजे माद्यांना स्त्री-संप्रेरकांचे कवच आहे यापेक्षा नरांना अँड्रोजेनचा, म्हणजे पुरुषी संप्रेरकांचा, भार आहे, असे निदान या स्ट्रेनपुरते म्हणावे लागते. माझे मत स्पष्ट आहे: फक्त नरांवर केलेल्या अभ्यासाला ‘उंदरांतील वार्धक्य’ असे नाव देऊ नये. माद्यांचा गट घ्याच. मात्र माद्यांत कॉर्टेक्स आणि मेड्युलाच्या सीमेवर कॅल्शियमचे कण साठणे हे तरुणपणीही नेहमीचे असते, विशेषतः आहारात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त झाला तर. ते वयाचे लक्षण समजू नका.

आहाराचा परिणाम इतका मोठा आहे की तो लिंगाच्या बरोबरीने धरावा. 1935 मध्ये मॅके यांनी कमी खाणारे उंदीर जास्त जगतात हे दाखवले. पुढे फिशर-344 वरच्या कामात दिसले की पोटभर खाण्याच्या 60 टक्के दिले तर सीपीएन अतिशय मंदावते. प्रथिने तेवढीच ठेवून फक्त उष्मांक कमी केले तरी फायदा टिकतो, म्हणजे सगळा दोष प्रथिनांच्या माथी मारता येत नाही. तरीही प्रथिनाचा प्रकार महत्त्वाचा आहेच: केसीनच्या (दुधातले प्रथिन) जागी सोयाचे प्रथिन दिले, तेही पोटभर, तरी आजार ठळकपणे कमी होतो. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने 1990 च्या दशकात आपला ठरलेला आहार बदलला, प्रथिने सुमारे 23 टक्क्यांवरून 14-15 टक्क्यांवर आणली, तंतू वाढवले. एक हेतू सीपीएनची तीव्रता उतरवण्याचा होता, आणि ती उतरलीही. म्हणून खाद्याचे नाव, प्रथिनांची टक्केवारी, प्रथिनाचा स्रोत आणि पोटभर की मोजून, या चार गोष्टींशिवाय म्हाताऱ्या किडनीवरचा कोणताही आकडा अर्धवट आहे. प्रयोगाच्या मधल्या काळात खाद्य बदलले तर पूर्वीचे आणि नंतरचे उंदीर एका गटात घालू नका.

आता आखणी. 24 महिन्यांना 10 नर हवे असतील तर पोटभर खाणाऱ्या स्प्रेग-डॉलीत 20-25 पासून सुरुवात करा. अनेक कॉलनींत दोन वर्षांपर्यंत निम्म्याहून कमी नर उरतात. किडनीशिवाय पिट्युटरीच्या गाठीही त्यांना नेतात. यात एक छुपा दोष आहे. 24 महिन्यांना जे जिवंत असतात ते बहुधा चांगल्या किडनीचे असतात, वाईट किडनीचे आधीच गेलेले असतात. फक्त उरलेल्यांना मोजून वार्धक्य प्रत्यक्षाहून सौम्य दिसते. त्यामुळे त्याच उंदरांची लघवी दर दोन-तीन महिन्यांनी घेत राहा, आणि मधे मेलेल्या प्रत्येकाची किडनी जमेल तितक्या लवकर फॉर्मालिनमध्ये टाका. पोटभर खाणाऱ्यांसोबत 70-75 टक्के खाद्यावरचा एक गट ठेवला तर वय आणि आजार वेगळे करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग हाती येतो: दोन्ही गटांत सारखे घडते ते बहुतांशी वय, फक्त पोटभर गटात घडते ते बहुतांशी सीपीएन. मोजून खाणाऱ्यांना रोज ठरलेल्या वेळी आणि एकेकटे खाऊ घाला, नाहीतर दांडगा जास्त खातो आणि गटाची सरासरी निरर्थक होते.

मेटाबॉलिक पिंजऱ्यात पहिल्या दिवशीची लघवी टाकून द्या. नवख्या जागेत उंदीर कमी खातो-पितो. एक-दोन दिवस सवय होऊ द्या, मग 24 तासांची घ्या. नळी बर्फात ठेवा, खाद्याचा चुरा पडला असेल तर तो नमुना प्रथिनांसाठी वापरू नका. सेंट्रिफ्यूज करून छोटे भाग पाडा आणि उणे 80 ला ठेवा. उणे 20 ला महिनोन्महिने ठेवलेल्या लघवीत अल्ब्युमिनचा आकडा खाली घसरतो. एकट्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरावर विसंबू नका, कारण स्नायू घटलेल्या म्हाताऱ्यात खालचा आकडा लहान होऊन गुणोत्तर उगाच फुगते. झायलाझिनची भूल दिल्यावर लघवी मोजू नका: त्याने रक्तातली साखर चढते, लघवीत उतरते आणि लघवी वाढते. आयसोफ्लुरेनने रक्तदाब आणि गाळण दोन्ही खाली येतात, म्हातारे त्यात जास्त घसरतात.

किडनी काढल्यावर एक उभी आणि एक आडवी कापा, आणि दोन्ही छेदांत पॅपिला आलीच पाहिजे. 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये 24 ते 48 तास पुरेत. एचअँडई या नेहमीच्या रंगासोबत पीएएस आणि कोलॅजेन दाखवणारा ट्रायक्रोम करा. स्क्लेरोसिस मोजताना खोल आणि वरचे ग्लोमेरुलस वेगळे नोंदवून एकूण निदान 100 बघा, प्रत्येकाला 0 ते 4 गुण द्या, आणि बघणाऱ्याला गट माहीत नसू द्या. सीपीएनची श्रेणी स्वतंत्र लिहा. ती स्क्लेरोसिसच्या गुणांत मिसळू नका, कारण आजार नलिकांत आधी दिसतो. ग्लोमेरुलसची संख्या एका छेदावर मोजून काढू नका. मोठा गुच्छ छेदात सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि म्हाताऱ्याचे गुच्छ मोठेच असतात, त्यामुळे गळती झाकली जाते. संख्या हवीच असेल तर डायसेक्टर-फ्रॅक्शनेटर ही गुच्छांच्या आकाराने न फसणारी मोजणीची पद्धत वापरा.

इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये (चमकणाऱ्या अँटिबॉडीने प्रथिन शोधण्याची पद्धत) लिपोफ्युसिन आपोआप चमकते, जवळजवळ प्रत्येक फिल्टरमध्ये. अँटिबॉडी न घातलेला म्हातारा छेद शेजारी ठेवा आणि सुदान ब्लॅकने चमक दाबा. हा नियंत्रण-छेद नसल्यामुळे ‘वयानुसार वाढलेले’ कितीतरी प्रथिन प्रत्यक्षात रंगद्रव्यच असते. नलिकांत स्वतःचे बायोटिन भरपूर असते, म्हणून अॅव्हिडिन-बायोटिन पद्धतीऐवजी पॉलिमरची पद्धत घ्या. पेशींचे वार्धक्य निळ्या रंगाने दाखवणाऱ्या बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या चाचणीत द्रावणाचे पीएच 6.0 वरून थोडे जरी खाली गेले तरी प्रॉक्झिमल नलिका तरुणातही निळ्या होतात, कारण त्यांच्या लायसोसोममध्ये हे एन्झाइम नेहमीच असते. पीएच त्याच सकाळी मोजा आणि तरुणाचा छेद त्याच काचेवर लावा.

शवविच्छेदनात किडनीवरच थांबू नका. पॅराथायरॉइड फुगलेल्या, जठराच्या भिंतीत आणि महाधमनीत चुना साठलेला, हाडे ठिसूळ, रक्तात कोलेस्टेरॉल चढलेले आणि अल्ब्युमिन उतरलेले असेल तर त्या उंदराची किडनी शेवटच्या टप्प्यात पोचली होती. मेसेंटरीच्या, म्हणजे आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या, धमन्या गाठाळ झाल्या आहेत का तेही बघा, सीपीएन तीव्र असलेल्या नरांत ते सोबत आढळते. असे उंदीर गटातून गुपचूप वगळू नका. त्यांच्यासह एकदा आणि त्यांच्याविना एकदा, असे दोन्ही आकडे तक्त्यात द्या आणि कोणत्या खुणेवरून वेगळे काढले ते तळटीपेत लिहा.